गावाच्या नावाची नोट

प्रशांतच्या बायकोचा, रूपालीचा फोन आला तेव्हा मी दुपारचं जेवण उरकून नुकताच लॅपटॉपसमोर बसलो होतो. "मंदार, प्रशांत फोन उचलत नाहीये. ऑफिसमध्ये विचारलं तर जागेवर नाही म्हणतात. तुझ्याशी काही बोलला होता का?" एवढंच ती म्हणाली. पहिला विचार आला तो नोकरीचा. त्या आठवड्यात त्याच्या कंपनीत माणसं कमी करायला सुरुवात झाली होती... गेली असेल नोकरी, आणि घरी कसं सांगायचं म्हणून गाडीत बसून राहिला असेल कुठेतरी. दुसरा विचार त्याहून वाईट होता. रस्त्यात इमिग्रेशनच्या माणसांनी थांबवलं असेल, कागद मागितले असतील, आणि नेलं असेल. या हिवाळ्यात मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत राहणारे आम्ही सगळेच भारतीय दूध आणायला निघालो तरी पासपोर्ट खिशात घालून निघत होतो. मी गाडी काढली आणि त्याच्या ऑफिसच्या दिशेने निघालो ते या दोन शक्यतांची मनाशी तयारी करत. वकिलाचा नंबर फोनमध्ये आहे ना, रूपालीला कुठल्या शब्दांत सांगायचं, त्यांच्या मुलीला, इराला शाळेतून कुणी आणायचं... तिसरी शक्यता माझ्या मनात आलीच नाही. आमच्या इतक्या वर्षांच्या भीतीत मरणाला कधी जागाच उरली नव्हती.

प्रशांत ऑफिसच्या पार्किंगमध्ये, आपल्याच गाडीत सापडला होता. बाहेरचं बर्फ वितळून चाकांखाली पाणी साचलेलं होतं. गाडी सुरू केलेली नव्हती, पण सीटबेल्ट लावलेला होता. मला ते बघून काही नवल वाटलं नाही. गाडी हलण्याआधी बेल्ट लावला नाही असं त्याच्या हातून एकदाही झालं नसेल. हृदयविकाराचा झटका, डॉक्टर म्हणाले. सकाळपासून त्रास होत असणार. बहुधा दवाखान्यात जायलाच तो खाली आला होता, आणि कुणाला न सांगता आला होता.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. प्रशांत गावंडे हे नाव वाचकांना ठाऊक असण्याचं कारण नाही. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावचा हा मुलगा. नागपूरला इंजिनीअर झाला, पुण्यात नोकरीला लागला आणि तिथून अमेरिकेत आला. इथे असे हजारो आहेत, मीही त्यांतलाच. पण प्रशांतला एक छंद होता, आणि त्या छंदापायी त्याच्यासारख्या भित्र्या माणसाने जे केलं, ते मला लिहून ठेवावंसं वाटतं. भित्रा हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. तो स्वतःच वापरायचा.

आमची ओळख टेक्सासमधल्या अर्विंगची. कंपनीने आम्हा दोघांना एका अपार्टमेंटमध्ये टाकलं होतं. पहिल्याच संध्याकाळी दारावर थाप पडली तर या गृहस्थाने टीव्हीचा आवाज बंद केला आणि मला ओठांवर बोट ठेवून गप्प बसायला सांगितलं. बाहेर शेजारचे तेलुगू काका होते, सांबार घेऊन आले होते. "काऊन बे, उघडायचं कशाला? कोण असेल काय माहीत," असं त्याचं म्हणणं. सिग्नल हिरवा असला तरी तो दोन्हीकडे बघायचा. लायब्ररीचं पुस्तक मुदतीआधी परत करायचा. एखाद्या अर्जात काही चुकलं असेल अशा शंकेने तोच अर्ज पुन्हा पुन्हा उघडून बघायचा. मी हसायचो. मग माझाही व्हिसा वाढवायची वेळ आली, आणि मीही तेच करू लागलो.

शनिवार-रविवारी आम्हाला करायला काही नसे. एकदा फुकट प्रवेश आहे म्हणून आम्ही एका जुन्या वस्तूंच्या बाजारात शिरलो. मोठी शेड, लांबच लांब टेबलं. एका टेबलावर चाकू, दुसऱ्यावर बंदुका, लोक त्या हातात घेऊन डोळा मिटून नेम धरून बघत होते. प्रशांत माझ्या शर्टाची बाही धरून चालत होता. "चल ना यार, निघू इथून." आणि चालता चालता तो एकदम थांबला. बंदुकांच्या शेजारच्या टेबलावर एक म्हातारा जुनी नाणी आणि नोटा मांडून बसला होता. प्लॅस्टिकच्या पाकिटात एक मळकट, घड्या पडलेली नोट होती. तिच्यावर मधोमध एका गावाचं नाव छापलेलं होतं. डॅलस नाही, ह्यूस्टन नाही... कुठलंसं खेडं, आम्ही कधी न ऐकलेलं. म्हाताऱ्याने सांगितलं, की एके काळी या देशात गावोगावच्या बँकांना आपल्या नावाच्या नोटा काढता यायच्या. छापून सरकार द्यायचं. वर बँकेचं आणि गावाचं नाव असायचं, आणि खाली त्या बँकेचा अध्यक्ष आणि कॅशियर सह्या करायचे. शंभरेक वर्षांपूर्वीपर्यंत ही पद्धत होती, मग बंद पडली. बऱ्याच बँका बुडाल्या, काही गावंही उठून गेली. प्रशांतने पाकीट दिव्याकडे तिरकं धरलं. शाईची सही जवळजवळ पुसली होती, पण एका अक्षराची शेपटी दिसत होती.

"गावाचं नाव आहे बे नोटेवर," तो मला म्हणाला. "पुलगावच्या नावाची नोट असती तर?"

पैसे वाचवायला दुपारचं जेवण घरीच करू म्हणणाऱ्या माणसाने ती नोट विकत घेतली. तिथून त्याचं सुरू झालं. त्याने स्वतःला एक नियम घालून घेतला होता, पुलगावपेक्षा मोठ्या गावाची नोट घ्यायची नाही. फार देखण्या, कोऱ्या नोटा त्याला परवडायच्या नाहीत आणि आवडायच्याही नाहीत. फाटकी, हाताळलेली, कुणाच्या तरी खिशात मुरलेली नोट त्याला हवी असे. मी एकदा विचारलं, यात एवढं काय आहे? तो म्हणाला, "खाली सही बघ ना. एका साध्या माणसाने आपलं नाव लावलंय, गावाचं नाव लावलंय, आणि ते लोकांनी मान्य केलंय. आपलं नाव इथे कशावर आहे? भाड्याच्या करारावर आणि एचआरच्या एक्सेलमध्ये."

पुढे त्याचं रूपालीशी लग्न झालं, इरा झाली, आणि मिनेसोटात त्याला चांगली नोकरी मिळाली. माझीही बदली तिकडेच झाली तेव्हा त्याच्या घरापासून जवळच आम्ही जागा घेतली. ग्रीन कार्डची रांग पुढे सरकत नव्हती. तो मात्र हळूहळू आखडत गेला होता असं मला आता वाटतं. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, मोठं फर्निचर घ्यायचं नाही, कुत्रा पाळायचा नाही... कधी जावं लागेल सांगता येत नाही. इराने कुत्र्यासाठी हट्ट केला तेव्हा तो तिला म्हणाला होता, "त्याला व्हिसा कोण देईल बेटा?" ती खो खो हसली. रूपाली हसली नव्हती.

मग पुलगावहून फोन आला. त्याचे बाबा गेले. पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली होती; इथे राहायला अडचण नव्हती, पण देशाबाहेर जाणं अवघड होतं. भारतात गेला तर परत यायला नवा शिक्का लागणार, त्याची तारीख कधी मिळेल सांगता येत नाही, नाही मिळाली तर नोकरी जाईल, नोकरी गेली तर घर... तो जाऊ शकला नाही. चुलतभावाने स्मशानात फोन धरला आणि प्रशांतने ईडन प्रेरीतल्या स्वयंपाकघरात उभं राहून बापाला अग्नी दिलेला पाहिला. धाकट्या भावाचा हात दिसत होता, चेहरा दिसत नव्हता. मध्येच चित्र गोठलं. तो तसाच फोन धरून उभा राहिला. रूपालीने फोन काढून घेतला तेव्हा त्याची बोटं सोडवावी लागली.

दहाव्याच्या सकाळी त्याने मला बोलावलं. ट्रिमरने स्वतःच डोकं भादरायला घेतलं होतं, मागचं जमत नव्हतं. बाथटबच्या कडेवर बसवून मी ते पूर्ण केलं. त्याच्या मानेवर पावडर लावताना तो म्हणाला, "मला कुठल्यातरी गावात घेऊन चल. शहरात नको. गावात." कुठे, ते विचारायची गरज नव्हती. थोड्याच दिवसांपूर्वी त्याला हॅल्डन नावाच्या एका खेड्याची नोट मिळाली होती. पश्चिमेला, दोनेक तासांवर, मक्याच्या शेतांमध्ये वसलेलं. तोवर त्याने कुठल्याच नोटेचं गाव प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. नोटा घरात पडदे ओढून बघायच्या, गावं नकाशात बघायची. बाहेर जायचं त्याला भय वाटे.

हॅल्डनचा मुख्य रस्ता म्हणजे दोन ओळी दुकानांच्या, निम्मी बंद. बर्फ अजून पडलं नव्हतं, पण हवा त्याच तयारीत होती. कोपऱ्यावर जुन्या बँकेची दगडी इमारत उभी होती, दरवाजा बरोबर कोपऱ्यात तिरका, वर कोरलेलं नाव. आत आता कुत्र्यांचे केस कापायचं दुकान होतं, तेही त्या दिवशी बंद. समोर एक कॅफे. रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. प्रशांतने नोट जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवली होती. त्याने पायरीला हात लावला, दरवाजाच्या पितळी मुठीला लावला. मग मागे सरून फोटो काढू लागला, खालून, बाजूने, खिडकीच्या काचेतून आत. मी त्याला अडवलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी हललं होतं.

शेरीफची, म्हणजे तिथल्या पोलिसांची, गाडी आमच्या मागे येऊन थांबली ती मला ऐकूही आली नाही. तिच्यातून उतरलेला डेप्युटी तरुण होता, उंच. "काय चाललंय इथे?" त्याने विचारलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुणी सांगितलेलं नसताना प्रशांतने दोन्ही हात वर केले.

"हात खाली घ्या," डेप्युटी म्हणाला. "कुणीतरी फोन केला होता. दोन माणसं खिडक्यांतून डोकावताहेत म्हणून. ओळखपत्र?"

लायसन्स दाखवली. प्रशांतच्या लायसन्सवर दाट केसांचा माणूस होता, आणि समोर कानटोपी घातलेला. टोपी काढायला सांगितली. काढली. गुळगुळीत भादरलेलं डोकं थंडीत उघडं पडलं. डेप्युटी फोटोकडे बघत होता, डोक्याकडे बघत होता. त्याचा आवाज बदलला. "आजारी आहात का?"

मी म्हणालो, "त्याचे वडील गेले. आमच्यात अशी रीत आहे."

"वाईट झालं," डेप्युटी म्हणाला. "पण मग इथे कशाला आलात?"

आणि प्रशांतने जॅकेटच्या आत हात घातला.

डेप्युटीचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेला. मी ते पाहिलं, प्रशांतने पाहिलं नाही. तो आपल्या खिशात चाचपडत होता. "हळू," डेप्युटी म्हणाला, अगदी खालच्या आवाजात. "अगदी हळू." आपण ओरडावं की ओरडू नये, ओरडलो तर काय होईल... हे सगळं माझ्या डोक्यात त्या क्षणात भरून गेलं, आणि मी नुसता उभा राहिलो. प्रशांतचा हात दोन बोटांत प्लॅस्टिकचं पाकीट धरून बाहेर आला.

डेप्युटीने ते घेतलं. वाचलं. मग मान वर करून इमारतीवर कोरलेलं नाव वाचलं, आणि पुन्हा नोट वाचली. "हे आमचं हॅल्डन?" त्याने विचारलं. प्रशांतने होकाराची मान हलवली. डेप्युटीने पाकीट कडेने धरून परत दिलं, जसं धरायला हवं तसं. "बर्फ यायच्या आत घरी जा," एवढंच म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. आम्ही निघेपर्यंत त्याची गाडी तिथेच उभी होती.

परतताना गाडी मी चालवली. प्रशांतने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, "बाबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, काऊन गेला होता बे तिथे?" आणि तो हसला, आणि हसता हसता रडायला लागला. बाबांसाठी तो तेव्हा पहिल्यांदा रडला. मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, इंडिकेटर लावून.

यानंतर तो पुन्हा कुठल्या गावाला जाणार नाही अशी माझी खात्री होती. महिन्याच्या आत तो परत हॅल्डनला गेला. एकटा. मला सोमवारी सांगितलं तेव्हा मी चिडलो. काही झालं असतं तर? रूपालीने काय केलं असतं? तो शांतपणे ऐकत होता. "हे बघ, मंदार," तो म्हणाला, "तिथे जे व्हायचं ते एकदा होऊन गेलंय. आता या देशात मला तेवढं एकच गाव आहे, जिथे काय होईल याची भीती वाटत नाही."

हॅल्डननंतर तो बाकीच्या गावांनाही जाऊ लागला. ज्याच्या सहीची नोट असेल त्या कॅशियरची कबर शोधायची, तिथे दोन मिनिटं उभं राहायचं, आणि यायचं. त्याची भीती कमी झाली होती असं मी म्हणणार नाही. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरायचा. अंधार पडायच्या आत परत यायचा. तरी जायचा. रविवारी सकाळी गालिच्यावर बसून, हात धुऊन-पुसून तो नोटा काढायचा आणि इरा गावांची नावं मोठ्याने वाचायची, अमेरिकन उच्चारांत. तो तिच्यामागून ते उच्चार गिरवायचा. दोघांची ती शाळा मी कितीदा तरी पाहिली आहे.

शेवटची भेटही रविवारचीच. तो खांद्याला हात लावत होता, डाव्या. मी विचारलं तर म्हणाला, ॲसिडिटी आहे, बर्फ काढताना जरा ओढ बसली असेल. रूपाली आतून म्हणाली, "डॉक्टरकडे जा म्हणून मी केव्हाची सांगतेय." त्यावर तो म्हणाला, "हे लेऑफ होऊन जाऊ दे. आत्ता मेडिकल लीव्ह टाकली तर काढायच्या लोकांच्या यादीत माझं नाव वर जाईल." त्या खोलीत आम्ही तिघं मोठी माणसं होतो, आणि हे ऐकून कुणालाच ते वेड्यासारखं वाटलं नाही. ते शहाणपणाचंच वाटलं. आज मी हे लिहितो तेव्हा मला सगळ्यात जास्त भय त्या गोष्टीचं वाटतं.

त्याला अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी रूपालीने मला विचारलं, "मंदार, मी आज इथे लीगल आहे का?"

तिचा व्हिसा त्याच्या व्हिसाला जोडलेला होता. म्हणजे त्याच्या श्वासाला. नवरा गेल्याचं दुःख करायला बसण्याआधी तिला वकिलाकडे जाऊन बसावं लागलं. इरा इथे जन्मलेली, ती इथली नागरिक, तिची आई मात्र आता पाहुणी. वकीलबाई भली होती. पाहुणी म्हणून राहायचा अर्ज टाकू, शाळेचं वर्ष संपेपर्यंत वेळ मिळेल, म्हणाली. त्यापुढच्या वाटाही तिने सांगितल्या, पण सांगताना ती आमच्याकडे न बघता टेबलाकडे बघत होती. रूपाली घरी आली आणि तिने पडदे ओढून घेतले. दारावर थाप पडली की ती आणि इरा आतल्या खोलीत जाऊन बसत. डबे घेऊन येणाऱ्या बायकांना आधी फोन करून यावं लागे. मला अर्विंगची ती संध्याकाळ आठवली, पण तेव्हासारखं हसू आलं नाही.

शेवटी तिने ठरवलं. शाळा संपली की नागपूरला, बहिणीकडे. "मला रोज अशी घाबरून नाही जगायचं," ती म्हणाली. "तो जगला तेवढं पुरे." नोटांचं काय करायचं हा प्रश्न होता. एका दुकानदाराने सगळा अल्बम उचलायची तयारी दाखवली. इरा तोवर कशालाच काही म्हणाली नव्हती, शाळा सोडायची म्हटल्यावरही नाही. पण दुकानदाराचं नाव निघाल्यावर तिने अल्बम उचलून आपल्या दप्तरात ठेवला. "दे आर बाबाज टाउन्स," ती म्हणाली. विषय संपला.

एप्रिलमधल्या एका शनिवारी रूपाली मला म्हणाली, "मला हॅल्डनला जायचंय. मी एकदाही गेले नाही त्याच्याबरोबर. भीती वाटायची मला." आम्ही तिघं निघालो. रूपालीने पर्समध्ये पासपोर्ट, अर्जाची पावती, इराचा जन्मदाखला असं सगळं घेतलं होतं आणि ती पर्स तिने वाटभर मांडीवर धरून ठेवली. शेतांतलं बर्फ विरघळून काळी माती उघडी पडली होती. इरा खिडकीतून बघत पाट्या वाचत होती. आधी मनात, मग हळूच तोंडाने.

बँकेची इमारत तशीच होती. रूपाली तिच्यासमोर उभी राहिली, दगडाला हात लावावा की नाही या विचारात, आणि मग रस्त्यावर इकडेतिकडे बघून तिने हात मागे घेतला. थंडी होती म्हणून आम्ही समोरच्या कॅफेत शिरलो. काउंटरमागे सत्तरीची एक बाई होती. तिच्या ॲप्रनवर कॅरल असं नाव शिवलेलं होतं. तिने आमच्याकडे बघितलं, मग इराकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"तू नोटवाल्याची मुलगी का गं?" तिने विचारलं. "नाक तसंच आहे. कुठे आहे तो? हिवाळाभर फिरकला नाही."

सांगायचं काम माझं होतं, पण रूपालीनेच सांगितलं. इंग्रजी वाक्य तिने सरळ, सावकाश उच्चारलं. कॅरलने हातातलं फडकं खाली ठेवलं. ती काउंटरला वळसा घालून बाहेर आली आणि रूपालीसमोर उभी राहिली. मिठी मारावी का हे तिला कळत नव्हतं, म्हणून तिने नुसते तिचे हात धरले.

मग ती आमच्या टेबलापाशी बसली आणि बोलत राहिली. "त्या दिवशी फोन मीच केला होता, शेरीफला. इथे मी एकटीच असते. समोर दोन माणसं, एकाचं डोकं झाकलेलं, खिडक्यांतून आत बघताहेत... मी घाबरले. पुढच्या वेळी तो आत आला तेव्हा मी त्याला सांगून टाकलं. म्हटलं, मी तुझ्यावर पोलीस घातले होते, आता माझ्या हातची कॉफी प्यायची की नाही ते तू ठरव." ती थांबली. "तो म्हणाला, तुम्हीही घाबरला होतात हे बरं झालं. मला वाटत होतं, मी एकटाच."

रूपाली हे सगळं मान खाली घालून ऐकत होती. कॅरलने कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट दाखवलं. "तो नेहमी तिथे बसायचा." भिंतीला पाठ, तोंड दरवाजाकडे. बोट दाखवायची गरज नव्हती. प्रशांत कुठेही गेला तरी अशीच जागा शोधायचा, आमच्या घरीसुद्धा. कोण येतंय ते आधी दिसलं पाहिजे. आम्ही उठून त्या टेबलावर गेलो. रूपाली त्याच्या खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घेऊन. मी तिच्या शेजारी. कॅरलने न मागता ॲपल पाय, सफरचंदाचं सारण भरलेला गोड पदार्थ, आणून ठेवला.

दारावर घंटी होती. कुणी आलं की ती वाजायची. एक शेतकरी आला, मग एक पोरगेला माणूस डब्यातून सूप न्यायला आला. दरवेळी रूपालीची नजर वर जायची आणि हात पर्सच्या चेनवर जायचा. इराने समोरची खुर्ची ओढली होती. तिची पाठ दाराकडे होती. रूपालीने तिला खूण केली, "इकडे ये, माझ्याजवळ बस..." आणि बोलता बोलता ती थांबली. तिने ॲपल पायची बशी इराकडे सरकवली आणि तिला तिथेच बसू दिलं.

घंटी पुन्हा वाजली. गार हवा आत आली. रूपालीने बघितलं, मी बघितलं. इरा वळली नाही. ती खात होती.